गाडीचं मनगट

“ये की रं बाहेर. किती मिनत्या करायच्या तुझ्या? लगीन हाय का तुझं, असा रुसून बसलाईस ते?”

मामा पुटपुटत होते. ते एका बोल्टशी बोलत होते, पण माझा कान त्यांच्या तोंडापासून वीतभरच लांब होता, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

ते ड्रायव्हरच्या सीटपुढं उताणे शिरले होते. डोकं पेडलांखाली, पाठ रबरी मॅटवर, पाय उघड्या दारातून बाहेर, अंगणात ठेवलेल्या स्टुलावर. मी शेजारच्या सीटवर गुडघे टेकून, ओणवी होऊन बॅटरी धरली होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, सासरा-सून गाडीत काहीतरी हरवलेलं शोधतायत.

“उजेड हालवू नगंस.”

“तुम्ही शिव्या दिल्या की माझा हात हलतो, मामा.”

“तुला न्हाय देत.”

“मग बोल्ट ऐकतोय का?”

“ऐकतोय. म्हणून तर येत न्हाय.”

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, आम्ही कराडजवळ ओगलेवाडीत राहत होतो तेव्हाची. सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं रीत. मामा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांची नोकरी, त्यातली एकोणीस वर्षं कराड-चिपळूण, कुंभार्ली घाटातून. गाडी एकदाही कुठं लागली नाही म्हणून मिळालेला पितळी बिल्ला देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेला असायचा आणि आत्या देवांबरोबर त्यालाही चिंच लावून घासायच्या. निवृत्त झाल्यावर मामांनी ही पांढरी गाडी घेतली, तीही दुसऱ्याची वापरलेली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. मामांच्या हाताखाली सोळा वर्षं काढल्यावर तिच्यात कंपनीचं फार काही उरलंही नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीपासून गाडी डावीकडं जायला लागली. म्हणजे, असं मामांचं म्हणणं होतं. आधी आमच्याच फाटकाचा डावा खांब घासला. मग संक्रांतीच्या सुमारास उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीचा कोपरा लागून डाव्या दाराला नांगरल्यासारखी रेघ पडली. आणि या दुरुस्तीच्या आदल्या महिन्यात दूध डेअरीच्या भिंतीला डावा आरसा लागून फुटला. तेव्हा माझी ऋतुजा, नऊ वर्षांची, मागं डाव्या खिडकीशी बसली होती. घरी आल्यावर तिच्या फ्रॉकच्या घोळातून मी काचा वेचल्या.

“स्टिअरिंग ढिलं झालंय,” मामा त्या दिवशी म्हणाले. “कपलिंगचं रबर गेलंय.”

“हां, स्टिअरिंगच असणार,” माझे यजमान म्हणाले.

“स्टिअरिंगच,” मी म्हणाले.

आत्यांनी नुसती मान हलवली. आम्ही सगळ्यांनीच जरा जास्तच घाईनं पटवून घेतलं. एकदा यजमानांनी डोळे तपासून घेऊ म्हणून बघितलं होतं. मामांनी बसल्या जागेवरून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी, नक्षत्र आणि खालची छापखान्याची बारीक ओळ वाचून दाखवली होती. “आता तू वाच,” म्हणाले. यजमानांना नक्षत्राच्या पुढं जाता आलं नाही. विषय संपला.

रविवारी चिपळूणला जायचं होतं. मामांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. सगळ्यांना गाडीत घालून मी घाटातून आणतो, असा शब्द मामांनी फोनवर दिला होता. म्हणजे शुक्रवारी कपलिंग काढायचं, खराब निघालं तर शनिवारी कराडातून नवं आणून बसवायचं, आणि रविवारी पहाटे निघायचं.

गुरुवारी संध्याकाळी यजमानांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. ते कॉलेजात प्रयोगशाळेत काम करायचे, त्यामुळं कुठलीही गोष्ट हळू आवाजात आणि काळजीपूर्वक सांगायची सवय.

“ते कपलिंग निघायला नको, असं बघ.”

“म्हणजे?”

“तू मदतीला असणार ना? निघत नाही म्हणायचं. निघालंच, तर रबर गेलंय म्हणायचं, आणि मी म्हणेन पार्ट मिळत नाही. रविवारी एसटीनं जाऊ.”

“आणि सोमवारी?”

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, खाली ठेवला. “सोमवारचं सोमवारी बघू,” म्हणाले.

आता माझी अडचण सांगते. मी शिवणकाम करायची, पण त्याहून जास्त शिलाई मशीन दुरुस्त करायची. कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं स्वतःचं मशीन अडलं, दुरुस्तीवाला आठ दिवस येईना, म्हणून मी ते उघडलं. जोडायला चार दिवस लागले आणि शेवटी एक स्क्रू उरला. तो अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे, मशीन त्याच्यावाचून आजही चालतं. तेव्हापासून अडकलेला स्क्रू दिसला की मला राहवत नाही. आणि दुसरं म्हणजे, माणसांबद्दल मी वेळप्रसंगी खोटं बोलते. मशीनबद्दल बोलत नाही. चांगला असलेला पार्ट खराब आहे म्हणून मी कुणाला कधी सांगितलं नाही.

यजमानांनी हे लक्षात घ्यायला हवं होतं.

“मामा, सोडवू नका त्याला,” मी म्हणाले. “आधी आवळा.”

“काय?”

“केसभर आवळा. मग सोडा. मग परत आवळा. गंजलेला स्क्रू एकाच दिशेला ओढला की हट्टाला पेटतो.”

“कुठं शिकलीस?”

“गजाकाकूंच्या मशीनवर. त्यांनी त्यात खोबरेल घातलं होतं. सगळं घट्ट बसलेलं, गोंद घातल्यासारखं.”

मामा पेडलांखाली खदखदून हसले. “मशीनला खोबरेल! काय अक्कल म्हणायची. डोक्याला लावायचं ते मशीनला!”

“बायकांना वाटतं, घरातलं चांगलं तेच द्यावं.”

“म्हणून काय काहीबी वतायचं?” असं म्हणत त्यांनी पाना उलटा फिरवला. कर्र झालं. मग परत सुलटा. पंधरावीस वेळा तसं केल्यावर बोल्ट हलला. स्टुलावरच्या मामांच्या पायाचा अंगठा ताठ झाला.

“चौदा नंबर ठेव आता, तेरा दे.”

तेरा नंबरचा पाना मी मघाशी दाराच्या बाजूला, त्यांच्या डोक्याशी ठेवला होता. “तिथंच आहे, तुमच्या डाव्या हाताला.”

त्यांनी हात फिरवला. “न्हाय.”

“तिथंच आहे.”

“अगं न्हाय म्हणतोय ना.”

मी बॅटरी तिकडं वळवली. पाना त्यांच्या डाव्या गालापासून चार बोटांवर चकाकत होता. मामा सरळ वर बघत होते. मग त्यांनी सगळी मान वळवली, पाना दिसला, आणि ते म्हणाले, “आत्ता टाकलास तिथं.”

मी म्हणाले, “हो.”

बाहेर पायरीवर आत्या मेथी निवडत होत्या. त्यांचा आवाज आला, “गॅरेजात न्या म्हटलं तर पटंना. अंगणात दवाखाना मांडलाय.”

“गॅरेजवाला आधी चक्कर मारून बघतो,” मामा आतून ओरडले.

“मग बघू दे की.”

यावर आतून नुसती पान्याची खटखट आली. चक्कर मारून बघितली तर काय बिघडणार होतं, हा प्रश्न मला पडला. तो मी तेरा नंबरच्या पान्याशेजारी ठेवून दिला.

बोल्ट निघाला, तेरा नंबरनं वरच्या अंगाचे बोल्टही निघाले, पण कपलिंग हलेना. स्टिअरिंगचा दांडा खाली पायाशी येतो, तिथं तो दुसऱ्या दांड्याला जोडणारी ही मूठभर वस्तू. मामा तिला गाडीचं मनगट म्हणायचे. “हातानं सांगायचं आन् चाकानं ऐकायचं. मधी हे मनगट.” वरच्या अंगाला रबराची जाड चकती. खालच्या अंगाला लोखंडाची कडी, तिला आतून दाते आणि एका बाजूला उभी चीर. ती चीर बोल्टनं आवळली की कडी दांड्याला पकडते. बोल्ट काढला की कडी ढिली व्हावी आणि वर सरकावी. पुस्तकातली कडी. आमची नव्हे.

मामांनी रॉकेल घातलं, हातोडीनं टकटक केलं. मी शिवणाचा खडू आणून कडीवर आणि दांड्यावर मिळून एक रेघ मारली, परत बसवताना दाताला दात यावा म्हणून. मामांनी ते बघितलं. “मिस्त्रीणबाई,” म्हणाले. त्यांच्या तोंडी हे मोठं बक्षीस होतं.

“पण मामा, हे एवढं गंजलं कसं? इथं तर पाऊसही पोचत नाही.”

“तेच मी म्हणतोय.”

मी बोटानं चिरेतला मळ काढून बघितला. गंज असतो तसा तपकिरी होताच, पण त्यात लालसर काहीतरी होतं. वास घेतला. रॉकेलशिवाय काही कळेना.

बारा वाजले. आत्यांनी हाक मारली, “दवाखाना बंद करा. जेवून घ्या.”

त्या दिवशी ताटं मी वाढली. एरवी आत्या वाढायच्या आणि वाढण्याच्या बाबतीत त्या फार कडक. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच पंगतीत मी मीठ चुकीच्या जागी वाढलं म्हणून त्यांनी सगळ्या पाहुण्यांदेखत ताट परत घेतलं होतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटात डावीकडं. भाजी, आमटी उजवीकडं. यात बदल नाही. त्याच आत्या गेले काही महिने मामांच्या ताटात चटणी भाजीला खेटून उजवीकडं वाढत होत्या. मला नवल वाटलं होतं. एकदा विचारलंही, “आत्या, चटणी इकडं?” त्या म्हणाल्या, “असू दे. खाणाऱ्याचं पोट एकच असतंय.”

मी आपली रीतीप्रमाणं वाढली. डावीकडं जवसाची चटणी, मुळ्याची कोशिंबीर, लिंबाची फोड.

मामा दोन घास जेवले आणि म्हणाले, “आज चटणी न्हाय केली?”

मी त्यांच्या ताटाकडं बघितलं. चटणी होती. चांगली मुठीएवढी होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यांनी हात पुढं केला आणि मामांचं ताट जमिनीवरच अर्धं फिरवलं. सहज, मशीनचं चाक फिरवावं तसं. “ही काय,” म्हणाल्या. “घाई तुम्हाला.”

मामांनी चटणीत भाकरी बुडवली. “झणझणीत झालीया,” म्हणाले.

मी आत्यांकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. अगदी ठरवून बघत नव्हत्या.

एखाद्या मशीनचा टाका कुठंही सुटत असेल तर दोरा वाईट असतो. एकाच जागी सुटत असेल तर दोरा बदलून उपयोग नसतो. खांब डावा, दार डावं, आरसा डावा, पाना डाव्या गालाशी आणि चटणी ताटात डावीकडं. मग मला आत्यांची गाडीतली कुरकुर आठवली. हल्ली त्या पुढं मामांच्या शेजारी बसायचा हट्ट धरायच्या आणि सगळी वाट कुरकुरत यायच्या. “काय बाई ही सायकल, अशी मधी येती.” “ह्या म्हशी कुणाच्या, रस्ता काय यांच्या बापाचा.” “पोरं कडंनं चालायचं सोडून…” यजमान वैतागून म्हणायचे, आई, जरा गप्प बसशील का. त्या म्हणायच्या, माझं तोंड, मी बोलंन. ती सायकल, त्या म्हशी, ती पोरं, सगळी डाव्या अंगाला असायची. कंडक्टर जसा मागच्या दारात उभा राहून ड्रायव्हरला कडेचं सांगतो, तसं आमच्या आत्यांचं चाललं होतं, आणि आम्ही त्यांना किरकिऱ्या म्हणत होतो.

घास माझ्या हातात तसाच राहिला.

“जेव की,” आत्या म्हणाल्या. “मिस्त्रीणबाई.”

मामा हात धुवायला उठले. जाता जाता म्हणाले, “परवा ऋतुजाला पुढं घ्यायचं माझ्याजवळ. घाट बघायचाय म्हणत होती. डाव्या बाजूला कसली दरी दिसती, तिथनं.”

आत्यांनी त्यांचं ताट उचललं. “मी बसती पुढं,” म्हणाल्या.

“तू रोजच बसतीस. एक दिवस पोरीला बसू दे.”

जेवणानंतर मामा पुन्हा पेडलांखाली शिरायला निघाले. मी म्हणाले, “मामा, आता मी बघते. तुम्ही बाहेर बसा.” ते दमले होते, नाही म्हणाले नाहीत. पायरीवर बसले. आत्या उरलेली मेथी घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या, अंगणाकडं तोंड करून.

मी पेडलांखाली शिरले. खरं सांगायचं तर यजमानांचं म्हणणं ऐकायला ही उत्तम वेळ होती. दोनचार ठोके मारायचे, सुस्कारे टाकायचे, आणि निघत नाही म्हणायचं. मी तसं म्हटलं असतं तर मामांनी विश्वास ठेवला असता. मनगट अडकलेलं राहिलं असतं, गाडी उभी राहिली असती, आणि सगळ्यांची अब्रू त्या गंजलेल्या कडीत सुखरूप राहिली असती. फार तर महिनाभर. मग मामांनी ते कुणाकडून तरी काढून घेतलं असतं, किंवा नुसता बोल्ट परत घालून गाडी रस्त्यावर काढली असती.

आणि दुसरं, मला त्या चिरेवरून नजर काढता येईना.

कडीला दोन कान होते, चिरेच्या दोन्ही बाजूंना. बोल्ट एका कानातून जाऊन दुसऱ्या कानात आवळायचा. पहिल्या कानातलं भोक साधं, दुसऱ्यात आटे. मी विचार करत राहिले. बोल्ट आवळला की कान जवळ येतात. मग कान लांब जावेत म्हणून काय करावं? बोल्ट उलट्या बाजूनं, आट्यांच्या कानातून आत घातला तर? तो आत जाऊन चिरेतून पलीकडं निघून जाणार. पण चिरेत काही आडवं ठेवलं तर?

“आत्या, माझा बटणांचा डबा द्या.”

डब्यात बटणं, हूक, तो मशीनचा उरलेला स्क्रू, आणि तळाशी एक जुना जाड रुपया. मी रुपया चिरेत सरकवला आणि बोल्ट उलट्या बाजूनं पिळला. बोल्टचं टोक रुपयाला टेकलं. आणखी पिळला. आता त्याला पुढं जायला वाट नव्हती, म्हणून तो कानालाच मागं ढकलायला लागला. चीर केसभर रुंदावली. आणखी केसभर. टिक्क असा आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा.

“काय झालं?” मामा बाहेरून.

“बघते.”

मी कडी दोन्ही हातांनी धरली, डावीकडं उजवीकडं हलवली, वर ओढली. ती सरकली. सोळा वर्षांनी. आणि माझ्या तोंडावर लाल-पिवळी पूड सांडली.

मी खोकत बाहेर आले. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि ते दचकले. “रक्त आलं का काय?”

मी गालावरून बोट फिरवून बघितलं. “मामा, हे कुंकू आहे. आणि हळद.”

दात्यांच्या खाचांत ते थरावर थर बसलं होतं, गंजात मुरलेलं, पुरणासारखं घट्ट. मामांनी ते नखानं खरवडून बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी आलं. लाजल्यासारखं.

“दसऱ्याचं,” म्हणाले.

“काय दसऱ्याचं?”

“सगळे चाकाखाली नारळ फोडतात, बॉनेटला हार घालतात. मी पहिलं पाणी मनगटाला द्यायचो. वरनं कुंकू. एसटीत लागलो तवा माझ्या उस्तादानं सांगितलेलं, आधी मनगट पूज, बाकीची गाडी आपोआप सांभाळती.”

“नारळाचं पाणी? सोळा वर्षं?”

“थोडंच.”

“लोखंडावर?”

“बरं, बरं.”

“मशीनला खोबरेल घालतात त्यांची काय अक्कल म्हणत होता तुम्ही, मामा?”

आत्या पदर तोंडाला लावून हसल्या. मामाही हसले. हसता हसता त्यांनी हात पुढं केला. “दे इकडं. बघ आधी तूच, रबर गेलंय ना?”

त्याच वेळी फाटक वाजलं आणि यजमान आत आले, कॉलेजातून. त्यांनी माझ्या हातातलं कपलिंग बघितलं, माझं कुंकवानं माखलेलं तोंड बघितलं, आणि मामांच्या पाठीमागं उभं राहून मला मान हलवून खुणावलं. म्हण, गेलंय.

मी कपलिंग उन्हात धरलं. रबराची चकती चारी बाजूंनी बघितली. दाबली. कडी एका हातात धरून दुसऱ्या हातानं वरचं अंग पिळलं. एक चीर नाही. सुताएवढा खेळ नाही. सोळा वर्षं हळदीकुंकू घेतलेली ती वस्तू आतून नवीकोरी होती.

यजमान पुन्हा खुणावत होते.

“रबर चांगलं आहे, मामा,” मी म्हणाले. “काहीसुद्धा झालेलं नाही.”

“अगं, नीट बघ,” यजमान म्हणाले. “जुनं रबर वरून कळत नाही. आणि मी चौकशी केली, तो पार्ट हल्ली…”

“नीटच बघितलंय.”

मामांनी ते माझ्याकडून घेतलं. त्यांना बघावं लागलं नाही, त्यांनी नुसता अंगठा फिरवला. मग पिळलं. आणखी जोरात पिळलं, कपाळाची शीर उठेपर्यंत. मग मांडीवर ठेवलं आणि त्यावरचं कुंकू बोटानं पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

“एसटीत गाडी लागली की चौकशी व्हायची,” ते म्हणाले. आवाज साधाच होता. “माझी कधी झाली न्हाय. पण दुसऱ्यांच्या बघितल्यात. साहेब क्रमानं इचारायचा. गाडीत दोष? न्हाय. रस्त्यात दोष? न्हाय. मग तिसरं इचारायचा.” त्यांनी मान वर केली. “मनगट तर ठणठणीत हाय. मग गाडी डावीकडं का जाती?”

“टायरात हवा कमी-जास्त असेल,” यजमान म्हणाले.

“तू सांग, प्रमिला.”

माझ्या जिभेवर होतं. मशीनबद्दल असतं तर मी सांगितलं असतं. मी मान खाली घातली आणि रुपया बोल्टच्या टोकानं कसा चेपलाय ते बघत राहिले.

“बरं,” मामा म्हणाले. “हिला इचारतो. रोज माझ्याशेजारी बसती, हिला ठावं असणार.” त्यांनी समोर बघितलं, मग उजवीकडं, मग दाराकडं. “ही कुठं गेली? आत्ता तर हसत होती हितं.”

आत्या पायरीवर होत्या, त्यांच्याच पायरीवर, हातभर अंतरावर. मेथीच्या काड्या त्यांच्या ओच्यात तशाच होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा लेकाकडं. मग मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मामा दचकले आणि सगळी मान वळवून बघायला लागले.

“हितंच हाय मी,” आत्या म्हणाल्या. “जेवून उठल्यापासनं हितंच बसलीया, तुमच्या डाव्या अंगाला. गाडी सरळ जाती हो. तुम्हाला डावीकडचं दिसत न्हाय.”